रूप आधी, नाव मागाहून

रूप आधी सांगायचं, नाव मागाहून. तुमचाच नियम आहे मामंजी, म्हणून मीही तसंच करणार आहे. एक पाखरू सांगायचंय तुम्हाला. पण त्याआधी थोडी इकडची तिकडची बडबड होईल, ती ऐकून घ्या. एरवी तुम्ही मध्येच म्हणाला असता, "कामणकरीण, मुद्द्यावर ये." माझं माहेर कामणचं, म्हणून निर्मळच्या या घरात पाऊल टाकल्या दिवसापासून मी तुमची कामणकरीण. आता मध्ये कुणी बोलणार नाही, तर मेलं बोलायलाच सुचत नाही.

परवा तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले, शेजारची पातेली परत केली, घर धुऊन काढलं. पडवीत तुमची खाट होती तिथे आता नुसती जागा आहे. जमिनीत खाटेच्या पायांच्या खुणा राहिल्यात. मी पडवी सारवते, पण त्या खुणांपाशी आले की हात आपोआप हलका पडतो. बुजतील केव्हातरी. मी होऊन बुजवणार नाही.

आलेली माणसं तुमच्याबद्दल पुष्कळ बोलली. वाडी कशी वाढवलीत, पानवेली कशा राखल्यात, उन्हाळ्यात आपल्या बावखलाचं, त्या वाडीतल्या तळ्याचं, पाणी कुणाला कधी नाही म्हणाला नाहीत. खरंच आहे सगळं. मी पदराआडून माना डोलावल्या. पण मला तुम्ही आठवता ते निराळेच. थंडीची सकाळ, अंगावर घोंगडी, हातात सुंभाची दोरी, आणि दोन्ही बाजूंना दोन चिल्लीपिल्ली.

मोतीबिंदूने तुमचे डोळे गेले आणि पाठोपाठ कंबरही गेली, तेव्हा मला तुमची भीतीच वाटायची. जन्मभर वाडीत राबलेला माणूस खाटेवर पडला की घरातल्या सगळ्यांना कामाला लावतो. "सूनबाई, रहाट कुरकुरतोय, तेल घालायला सांग." "सूनबाई, म्हशीला माशा चावतायत, शेपटी ऐकू येते मला." मी वैतागून जायचे. मग जत्रा आटोपली, थंडी पडली, आणि आपण सुकेळी घालायला घेतली. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, अंगणातल्या बांबूच्या मांडवावर एकेक मांडून उन्हात वाळवायची, संध्याकाळी गोळा करून पानात गुंडाळायची, सकाळी पुन्हा मांडायची. ती चांगली वाळून मधासारखी होईतोवर गावातल्या यच्चयावत कावळ्यांना आपल्या घरचं आमंत्रण.

राखणीला बसणार कोण? हे वाडीत, मी चुलीशी. तुम्ही खाटेवरून म्हणालात, "मी बसतो." मी पटकन म्हणून गेले, "तुम्हाला दिसणार काय, कपाळ?" जीभ चावली, पण बोलून तर गेले होते. तुम्ही आपले हसलात. "अगं, देवाने डोळ्यांच्या दोन जोड्या दिल्यात की घरात. ही शकू, हा बाळू. डोळे यांचे, हात माझा."

यांनी मांडवाला घासलेटचा रिकामा डबा टांगला, आत खडे घातले, डब्याला लांबलचक दोरी बांधून तिचं टोक तुमच्या हातात दिलं. निसटू नये म्हणून टोकाला ही मोठी गाठ. पोरांनी "कावळा!" म्हणून ओरडायचं आणि तुम्ही दोरी ओढायची. पहिल्या दिवशी काय तो गोंधळ! पोरं चिमणीला कावळा म्हणाली, कोंबडीला कावळा म्हणाली, शेजारच्या वाडीतले इनासभाऊ फाटकातून आत आले तर त्यांनाही कावळा म्हणाली. तुम्ही आपले डबा बडवताय. इनासभाऊ हात वर करून जागच्या जागी उभे राहिले.

त्या संध्याकाळी तुम्ही नियम केलात. नाव घ्यायचं नाही. आधी रूप सांगायचं. रंग कोणता, शेपटी कशी, चालतं की उड्या मारतं, मांडवावर येऊन करतं काय. नाव मी सांगीन, आणि डबा वाजवायचा की नाही तेही मीच ठरवीन. "उगाच सगळ्यांना हाकलायचं नाही. कोण खायला येतं आणि कोण राखायला येतं ते आधी कळलं पाहिजे."

शकू स्वातंत्र्याच्या सालची, पाच सरून सहावं लागलेलं. तिचं ठीक होतं. पण बाळू जेमतेम तीन वर्षांचा. त्याने पहिल्यांदा रूप सांगितलं ते अजून आठवतं. "आजोबा, त्याला दोन पाय आहेत."

"वा! म्हणजे म्हैस नव्हे. पुढे?"

"काळं आहे आणि पांढरं आहे. शेपटीनं अंगण झाडतंय."

तुमचा चेहरा असा उजळला, जणू लांबचा पाहुणा फाटकात येऊन उभा राहिला. "परीट! आला का लेकाचा! बाळू, हा थंडीचा पाहुणा. केळ्याला तोंड लावत नाही, केळ्यावरच्या माशा खातो. याला डबा वाजवायचा नाही. हा आपला बिनपगारी गडी."

मग रोज तेच चाललं. हिरवं, बारीक, काठीवरून झेप घेऊन पुन्हा त्याच काठीवर बसणारं आलं की वेडा राघू. पिवळंधमक, लाजरं, आंब्याच्या शेंड्यावर लपणारं आलं की हळद्या. लाल बुडाचा, टोपीवाला आला की बुलबुल, आणि त्याला मात्र डबा, कारण तो खायचा थोडं आणि नासायचा फार. पोरं खाटेला चिकटून बसायची. तोंड धुवायला उठवावं लागायचं नाही. तुमचा सकाळचा तो घर हलवणारा खोकला ऐकला की दोघं पांघरुणातून बाहेर.

माझं भांडण एवढंच होतं की रूपाचं पुराण संपेतोवर केळं पार आगाशी गावाला पोचतं. "कावळा तो कावळा, त्याचं काय रूप विचारायचं?" तुम्ही म्हणायचा, "कामणकरीण, नाव कळलं की माणूस बघायचं सोडतो." मी म्हणायचे, "आणि केळी संपली की खायचं सोडतो." हे भांडण आपण दोन हिवाळे भांडलो. मिटलं नाही ते बरंच झालं. मिटलं असतं तर दुपारी बोललो काय असतो आपण?

आणखी एक गोष्ट आठवते, ती पुढे लागेल. एकदा बाळूने तुमचे केस ओढून विचारलं, हे पांढरे का? तुम्ही म्हणालात, मी तरुण होतो तेव्हा काळेभोर होते. पोरं अशी काय हसली! आजोबा आणि काळे केस? "थापा!" म्हणत अंगणभर नाचली. तुम्ही मला साक्षीला बोलावलंत. मी म्हटलं, "मी आले तेव्हाही पांढरेच होते बाई, मला काय ठाऊक!" तुम्ही खोटं खोटं रुसलात.

आता या मार्गशीर्षातलं सांगते. तुम्हाला ठाऊकच आहे, पण माझ्या बाजूने एकदा ऐका.

बाळूला ताप होता, तो आत माझ्यापाशी. राखणीला एकटी शकू. केळी सुरेख वाळत आलेली, एकदोन उन्हं दिली की झालीच. तेवढ्यात कावळ्यांचा कालवा ऐकू आला. धावत बाहेर आले तर अर्धा मांडव उद्ध्वस्त. तुमच्या हातात दोरी सैल, कारण कुणी ओरडलंच नव्हतं. आणि शकू मांडवाकडे पाठ करून, तोंडाचा आ करून बावखलाकडे बघत उभी.

"शकू, कावळे दिसले नाहीत?" तुम्ही विचारलंत.

"मी दुसरं बघत होते, आजोबा." आणि हे मात्र तिचं कौतुक, तेवढ्या धांदलीतही तिने रूप आधी सांगितलं. "पांढरं आहे. दुधासारखं. डोकं काळं, त्यावर शेंडी. शेपटीच्या दोन फिती, माझ्या हाताएवढ्या. उडालं की फिती मागून लाटा मारत जातात."

"बगळा असेल."

"बगळ्याला शेपटी असते का?"

"तशा शेपटीचं पाखरू येतं थंडीत. जन्मभर बघितलंय मी. पण ते तांबडं, विटेसारखं. पांढरं नसतं."

"पांढरंच होतं."

"शकू, कावळ्यांनी केळी नेली, नेली. चुकलं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पाखराला मध्ये घालू नये."

तिचा चेहरा तुम्हाला दिसला नाही, मामंजी. मला दिसला. रडली नाही ती. करंगळी पुढे केली आणि म्हणाली, "कट्टी." मग तुम्हाला करंगळी दिसत नाही हे तिच्या लक्षात आलं. तशी जवळ गेली, तुमचा हात उचलला, तुमच्या करंगळीला आपली करंगळी नीट लावून पुन्हा म्हणाली, "कट्टी." आणि आत निघून गेली.

जेवताना मी तुमच्याशी भांडले. म्हटलं, एवढीशी पोर, मारली असेल एखादी थाप, सोडून द्यायची. तुम्ही घास खाली ठेवलात. "म्हणजे तुलाही ती थापच वाटते ना?" मी आमटीचं पातेलं पुढे ओढलं. "मग माझं तुझ्यापेक्षा बरं. मी तिला खोटी म्हणतो, पण तिच्याशी वाद तरी घालतो. तू तिचं ऐकतच नाहीस." मला राग आला. आमटी वाढायची राहिलीच होती, ती मी जरा आदळूनच वाढली. उत्तर मात्र सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "खाट फिरवा. तोंडावर ऊन येतं." यांनी खाट फिरवली. तोंड बावखलाकडे, मांडव पाठीशी. मी कुरकुरले, आता दोरी खांबाला वळसा घालून आणावी लागणार, म्हातारपणी हे काय एकेक! तुम्ही घोंगडी कानावरून खाली ओढून बसून राहिलात. थंडीत कान उघडे ठेवून. मग मला हळूच म्हणालात, "तिला विचार गं, ओरडत कसं होतं?"

मी विचारलं. शकू म्हणाली, "माझी कट्टी आहे."

मी येऊन सांगितलं, कट्टी आहे म्हणते. "बरं," तुम्ही म्हणालात. "सुटली की विचार."

नाताळात इनासभाऊ फराळाचं ताट घेऊन आले. तुम्ही त्यांना बसूही न देता विचारलंत, तुमच्याकडच्या झाडांत पांढरं, लांब शेपटीचं, शेंडीवालं पाखरू दिसलं का? इनासभाऊ म्हणाले, "बगळा असेल हो!" तर तुम्ही केवढे उखडलात! "बगळ्याला शेपटी असते का?" शकू दाराआड करंजी खात होती. तिचं तोंड चालायचं थांबलं. मला वाटलं, आता येईल धावत. आली नाही. पण ती करंजी तिने फार वेळ खाल्ली.

आणि मग तुम्ही गेलात. आजार नाही, कण्हणं नाही. सकाळी चहा घेऊन आले तर खोकला नाही. एवढंच.

माझं दुःख मी कुणाला सांगू? सासऱ्यासाठी सुनेने किती रडावं याचंही लोकांनी माप ठरवलेलं असतं. मी त्या मापातच रडले. उरलेलं रोज दुपारी येतं, आपल्या भांडणाच्या वेळेला. मला तुमची फार आठवण येते मामंजी. तुमच्याइतकं माझं म्हणणं कुणी खोडून काढलं नाही, म्हणजे तेवढं मन लावून कुणी ऐकलंही नाही.

पण माझं राहू दे. शकूचं सांगते. पोर पडवीत यायची बंद झाली. मागच्या दाराने जायची, मागच्या दाराने यायची. एक दिवस मी तिची वेणी घालत होते, तर पाठमोरीच विचारते, "आई, कट्टी असताना माणूस गेलं तर मग ती सोडायची कशी?"

माझा हात थांबला. म्हटलं, "आजोबांनी केव्हाच सोडली गं."

"एकट्याने नाही सुटत. दोघांची बोटं लागतात."

मी तिला कुशीत घ्यायला गेले, तर म्हणाली, "वेणी घाल." मोठ्यांची समजूत काढता येते. ती निदान समजल्यासारखं तरी करतात.

काल सुकेळी पुन्हा घातली. घरात कुणाला उत्साह नव्हता, पण घड पिकले होते. केळी थोडीच सुतक पाळतात! दोरी तशीच खांबाला होती. राखणीला बाळू एकटा, पाटावर बसून, तुमच्यासारखी घोंगडी गुंडाळून. मी सोलत होते. तेवढ्यात त्याने हाक मारली. "ताई! शेंडीवालं! काळं डोकं! फितीवाली शेपटी!"

आतून पावलं वाजली. किती दिवसांनी शकू पडवीत आली. बावखलावर वाकलेल्या त्या जुन्या करंजाच्या फांदीवर होतं. मीही पाहिलं. शेंडी होती, शेपटीच्या लांब फिती होत्या. पण अंग तांबडं. विटेसारखं, तुम्ही म्हणत होता अगदी तसंच.

शकूचा चेहरा उतरला. "आजोबांचं," एवढंच म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, देवा, नसतं आलं ते पाखरू तर बरं होतं. आजोबा खरे ठरले आणि ही आता जन्मभर स्वतःला खोटी म्हणणार.

आणि मामंजी, त्याच फांदीवर, पलीकडच्या पानांतून, दुसरं आलं.

बाळू दोरीकडे धावला. शकूने त्याचा हात धरला. "हलवू नको." आम्ही तिघंही श्वास रोखून उभे. तांबडं इकडे, पांढरं तिकडे. शेंडी तीच, डोकं तेच, बसायची ढब तीच. बघता बघता शकू बोलायला लागली, माझ्याशी नव्हे, आपल्या आपणच. "तांबडा लहान आहे. पांढरा म्हातारा झालाय. तोपण आधी तांबडाच होता. आजोबांचे केस आधी काळे होते ना, तसंच." मग माझ्याकडे वळली. "आई, आजोबांनी तो तरुण असतानाचा बघितला. मी म्हातारा झाल्यावरचा बघितला. आमचं दोघांचं बरोबर आहे!"

पाखरांचं खरंच तसं असतं का, देव जाणे. मला काही कळत नाही आणि ज्याला कळलं असतं तो खाटेवर नाही. पण फांदीवरच्या त्या दोघांकडे बघून मला तरी दुसरं काही सुचलं नाही.

मग ती खांबापाशी गेली. दोरीचं टोक उचललं. ती मोठी गाठ, तुमच्या मुठीने काळी गुळगुळीत झालेली. दोन बोटं जोडली आणि त्या गाठीला लावली. "गट्टी," म्हणाली. नीट, न चुकता, तुमच्या करंगळीला करंगळी लावली होती तशीच. मला राहवलं नाही. मी सोलत्या हातांनीच पदर डोळ्यांना लावला. अजून केळ्याचा डाग आहे पदरावर. निघायचा नाही तो.

तेव्हाच माझ्या लक्षात आलं, तोंडावर ऊन येतं म्हणत होता तुम्ही. माघ येईतो पडवीत ऊन येतच नाही मुळी. अकरा वर्षं मी ती पडवी सारवतेय, मला कळू नये? त्या दिवशी जेवताना जे उत्तर सुचलं नव्हतं, ते द्यायची आता गरजच नाही. त्या पाखराची हाक ऐकायला तुम्ही कान उघडे ठेवून थंडीत बसलात, तिथेच माझं भांडण मिटलं. तुझं खरं असेल, एवढं तुम्ही मात्र तिला म्हणायला हवं होतंत. ते म्हणाला नाहीत, तेवढं मी तुमच्या खात्यावर ठेवते.

पोरं आता मागे लागलीत. "आई, आजोबांना सांग. रूप आधी सांग हं." म्हणून हे सगळं. तर ऐका. दुधासारखं पांढरं. डोकं काळं, निळसर चमक असलेलं, त्यावर शेंडी. शेपटीच्या दोन फिती, शकूच्या हाताएवढ्याच आहेत, तिने जराही वाढवून सांगितलं नव्हतं. केळ्याला तोंड लावत नाही. पाण्यावरच्या माशा उडता उडता टिपतं. म्हणजे डबा वाजवायचा नाही, आपलाच गडी आहे. नाव आम्हाला येत नाही. ते तुमच्याकडेच राहू दे.

आणि हो, ओरडतं कसं, विचारलं होतंत. कट्टी सुटली तशी मी लगेच विचारलं. शकू आधी हसली, मग तोंडावर हात ठेवला, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दिसतं एवढं छान, पण ओरडतं अगदी आजोबा सकाळी खोकतात तसं. सांग त्यांना. आता नाही रागावणार ते."